उप्सालाची चार जंगले आणि नकाशातले सोडून देण्याजोगे

स्वीडनमधल्या उप्साला शहराच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला पसरलेले जंगल रेल्वेच्या खिडकीतून पाहणाऱ्याला एकजिनसी वाटते. पाइन आणि स्प्रूस, मधूनच एखादा बर्च, खाली ब्लूबेरीची झुडपे आणि शेवाळाने झाकलेले दगड, एवढेच त्याच्या नजरेत भरते. प्रत्यक्षात सायकलीने सहज गाठता येईल एवढ्या अंतरात येथे अगदी वेगवेगळ्या प्रकारच्या जमिनी आहेत, आणि नकाशा हातात घेऊन त्यांच्यातून धावू लागले की लक्षात येते, एका जमिनीवर कमावलेली सवय दुसरीवर बहुधा नडते. आमच्या ओरिएंटिअरिंग क्लबाचा शरदातला सरावाचा आठवडा याच गोष्टीवर बेतलेला असतो. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी या भागात एल्कची शिकार सुरू होते आणि त्यानंतर काही काळ धावणारे जंगलापासून दूर राहतात, म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस आठवडाभर निरनिराळ्या जंगलांत सराव करायचा आणि रविवारी शेजारच्या क्लबाच्या स्पर्धेत उतरायचे, असा आमचा शिरस्ता आहे.

खेळ मुळात सोपा आहे. सुरुवातीच्या रेषेवर नकाशा हाती पडतो. त्यावर जांभळ्या रंगात आरंभाचा त्रिकोण, क्रमांक घातलेली वर्तुळे आणि शेवटचे दुहेरी वर्तुळ छापलेले असते. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यबिंदूशी जंगलात नारिंगी-पांढरा कापडी कंट्रोल टांगलेला असतो. तेथे बोटाला अडकवलेली इलेक्ट्रॉनिक काडी यंत्रात खुपसून नोंद करायची आणि पुढच्या वर्तुळाकडे निघायचे. दोन वर्तुळांमधून कोणत्या वाटेने जायचे हे ज्याने त्याने ठरवायचे. या खेळाची पहिली जाहीर स्पर्धा ३१ ऑक्टोबर १८९७ रोजी नॉर्वेच्या राजधानीजवळ झाली. स्वीडनमध्ये तो रुजवण्याचे श्रेय लष्करी अधिकारी आणि स्काउटचे पुढारी एर्न्स्ट किलान्डर यांना दिले जाते, त्यांनी १९१९च्या मार्चमध्ये स्टॉकहोमजवळ मोठी स्पर्धा भरवली होती. आज येथे हा खेळ इतका घरगुती झाला आहे की क्लबात एकाच संध्याकाळी दहा वर्षांची मुले आणि पंचाहत्तरीचे आजोबा आपापल्या कुवतीच्या वाटांवर निघालेले दिसतात.

जमिनी एवढ्या वेगळ्या का, हे समजून घेतल्याशिवाय नकाशा नीट वाचता येत नाही असे माझे मत आहे. सुमारे अकरा हजार वर्षांपूर्वी हिमयुगाचे बर्फ येथून मागे हटले, तेव्हा उप्साला ज्यात येते तो उपलांड प्रांत सगळाच समुद्राखाली होता. त्याचे सर्वांत उंच टेकाडसुद्धा पाण्याबाहेर डोकावत नव्हते. बर्फाचे ओझे उतरल्यावर जमीन वर येऊ लागली आणि आजही ती वर्षाला काही मिलिमीटर वर येतेच आहे. वर येताना प्रत्येक उंचवटा काही काळ किनारा होता, आणि लाटांनी त्याच्या माथ्यावरची माती धुऊन नेली. मागे उरले ते उघडे खडक आणि मोठाले दगड. धुतलेली चिकणमाती सखल भागात बसली, आणि तेथे आज गव्हाची शेते आहेत. शेतीच्या कामाचे नव्हते तेवढेच जंगल राहिले, म्हणजे जंगल असणे हेच येथे जमीन खडबडीत असल्याचे लक्षण आहे. याला अपवाद एकच, तो म्हणजे बर्फाखालून वाहणाऱ्या नद्यांनी वाळू आणि गोटे साचवून तयार केलेला लांबलचक बांध. उप्सालाचा किल्ला याच बांधावर उभा आहे, आणि शहराचे पिण्याचे पाणीही याच्या पोटातून येते.

मी पुण्याचा. नकाशाशी माझी ओळख महाविद्यालयात एनसीसीच्या तासांना झाली आणि पुढे ती सह्याद्रीत वापरली गेली. तेथे टोपोशीटवर सोंड कोणती, नाळ कोणती, खिंड कोठे, हे एकदा ठरवले की दिवसभर पुरत असे, कारण समोरचा कडा हजार फूट उंच असतो आणि तो दिसला नाही असे सहसा होत नाही. एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर या प्रमाणावर याहून जास्त मिळतही नव्हते. ओरिएंटिअरिंगचा नकाशा १:१०,००० किंवा १:१५,००० या प्रमाणावर असतो, त्यावर माणसाच्या कमरेहून थोडा उंच दगडसुद्धा काळ्या ठिपक्याने दाखवलेला असतो, आणि त्याच्या उत्तर-रेषा थेट चुंबकीय उत्तरेच्या असतात. त्यामुळे एनसीसीत घोकलेली, खरी उत्तर दिशा आणि चुंबकीय उत्तर दिशा यांतल्या फरकाची बेरीज-वजाबाकी येथे करावी लागत नाही. उप्सालाला तो फरक सात अंशांच्या आसपास आहे, म्हणजे एरवी दुर्लक्ष करता आला नसता. एवढी माहिती हाताशी आली की ती सगळी वाचण्याचा मोह होतो. सरावाचा आठवडा हा मोह मोडण्यासाठीच आखलेला आहे, असे मला वाटते. कोणत्या जंगलात नकाशातले काय सोडून द्यायचे, हे त्यात दिवसागणिक वेगळे शिकवले जाते.

सोमवारी आम्ही सुनेर्स्टाला होतो, म्हणजे त्याच वाळूच्या बांधाच्या दक्षिण टोकाला, जेथे तो मेलारेन सरोवराच्या एकोल्न नावाच्या फाट्याकडे उतरतो. येथे जमीन कोरडी, पाइन विरळ आणि पायाखाली निर्धोक आहे. जोरात धावता येते, आणि अडचणीची सुरुवात तेथूनच होते. आम्हाला दिलेल्या नकाशावर फक्त समोच्च रेषा छापलेल्या होत्या. वाटा, कुंपणे, दगड, घरे, सगळे पुसून टाकलेले होते. कंट्रोल होते ते एखाद्या खळग्यात, सोंडेच्या नाकाशी, छोट्या घळीच्या तोंडाशी. बर्फाचे मोठे तुकडे वाळूत पुरले जाऊन नंतर वितळले की मागे गोल खळगे राहतात, आणि अशा जागी कागदावर उंचवटा आणि खळगा यांत फरक दाखवणारी खूण एवढीशी रेघ असते. सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला हा सराव मानवतो, कारण जमिनीचा आकार नजरेने चाचपण्याची सवय त्याला आधीपासून असते. फक्त तेथे चारशे मीटरच्या चढात जे पाहायचे ते येथे दहा-पंधरा मीटरांत पाहावे लागते. या जंगलात आकार तेवढे ठेवायचे आणि बाकी सारे सोडायचे.

मंगळवारचा सराव अंधार पडल्यावर स्टाड्सस्कूगेनमध्ये होता. शहराला लागून असलेले हे जुने जंगल आता संरक्षित आहे, त्यात काही शतकांचे पाइन उभे आहेत, आणि दिवसा तेथे कुत्री फिरवणाऱ्यांची, बालवाडीच्या रांगांची वर्दळ असते. एवढ्या पायांनी एवढ्या वाटा पडल्या आहेत की नकाशा करणाऱ्याने त्यांतल्या ठळक तेवढ्याच काढल्या आहेत. नवख्याला वाटते, रात्री वाट सोडू नये. क्लबातली जाणती माणसे उलट सांगतात. डोक्यावरच्या दिव्याच्या झोतात प्रत्येक वाट ठळकच दिसते, त्यामुळे डावीकडची तिसरी वाट घ्यायची असे ठरवून निघालेला माणूस नकाशावर नसलेली वाट मोजतो आणि भलतीकडे निघून जातो. म्हणून वाटांची मोजणी सोडून होकायंत्राच्या काट्यावर चालायचे, दुहेरी पावले मोजून अंतर धरायचे, आणि चढ संपला की उतार लागला हे पोटऱ्यांना कळू द्यायचे. रात्री दूरचा डोंगर दिसत नाही, पण पायाखालचा चढ दिवसाइतकाच असतो. कंट्रोलवर परावर्तक पट्टी असते, ती योग्य दिशेने आलेल्याला दुरूनच चमकून दिसते आणि दगडाच्या मागच्या बाजूने आलेल्याला मुळीच दिसत नाही. त्या संध्याकाळी दिव्यांचे जथे ज्या दिशेने वाहत होते तिकडे नकळत ओढले जाण्याचा धोका मात्र कोणत्याही सूचनेने टळत नाही. दुसऱ्याचा दिवा हा जंगलातला सर्वांत अविश्वसनीय खांब आहे.

बुधवारी विश्रांती होती आणि क्लबाच्या खोलीत वाटाण्याच्या सूपबरोबर नकाशांची चर्चा झाली. गुरुवारी नोस्तेन.

होगा नावाच्या ओढ्याचे उघडे खोरे आणि त्याच्या पश्चिमेला एकदम उठणारे नोस्तेनचे जंगल हे मिळून एक संरक्षित क्षेत्र आहे. खोऱ्यात गुरे चरतात आणि त्यांच्यामध्ये कांस्ययुगातला, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा थोरला दफन-ढिगारा उभा आहे. ऑस्कर आल्मग्रेन यांनी १९०२-०३ मध्ये तो उकरला तेव्हा त्यात सोन्याच्या वस्तू सापडल्या. स्थानिक लोक त्याला ब्यर्न राजाचा ढिगारा म्हणतात. हा ढिगारा त्या काळी समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या काठी होता, हे ध्यानात आले की आजच्या खोऱ्याचा सपाट तळ आणि त्याच्या कडेचे धुतलेले कातळ यांचा अर्थ लागतो. नकाशावर हीच सीमा पिवळा आणि पांढरा या दोन रंगांच्या सांध्यात दिसते. पिवळा म्हणजे उघडी जमीन, आणि पांढरा म्हणजे सहज धावता येण्याजोगे जंगल, हे प्रथमच ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. हिरवा रंग आला की झाडी दाट होऊन वेग घटतो, आणि हिरवा जितका गडद तितके हाल अधिक.

नोस्तेनमध्ये लांब टप्प्यांचा सराव होता. एका कंट्रोलपासून दुसरा किलोमीटरभर किंवा त्याहून दूर, आणि मध्ये कातळाची धार, दलदलीची पट्टी, दाट स्प्रूस. अशा वेळी प्रश्न मार्ग शोधण्याचा उरत नाही, निवडण्याचा होतो. सरळ जायचे की खोऱ्यात उतरून गाडीवाटेने वळसा घालायचा? येथे मी थोडे गणित करतो. माझा वाटेवरचा वेग किलोमीटरला साडेपाच मिनिटांचा असला तर नोस्तेनच्या जंगलात तोच आठ-नऊ मिनिटांवर जातो. म्हणजे वाट निम्म्याने लांब असली तरी वेळ जवळपास सारखाच लागतो, आणि त्यात डोके शांत राहते ते वेगळेच. चढासाठी ढोबळ नियम असा, की दहा मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे शंभर मीटर जादा धरायचे. हे गणित धावता धावता, पहिल्या काही पावलांत उरकावे लागते. एकदा निर्णय झाला की टप्प्याच्या मधला सगळा तपशील सोडून द्यायचा. कोणत्या दगडाशेजारून गेलो याला महत्त्व नाही. कंट्रोलच्या अलीकडे शंभर-दीडशे मीटरवर एखादी चुकता न येणारी खूण, ओढ्याचे वळण किंवा वाटांचा फाटा, आधी मुक्रर करून तेथवर बिनधास्त पळायचे, आणि तेथून पुढे नकाशावर अंगठा ठेवून पाऊल टाकायचे. आमच्याकडचे बरेच तरुण धावक हा शेवटचा तुकडाही पहिल्याच वेगाने कापायला जातात आणि कातळाच्या दोन समांतर धारांपैकी चुकीच्या धारेवर कंट्रोल हुडकत बसतात.

शनिवारसाठी लुन्सेन राखून ठेवलेले असते. शहराच्या दक्षिणेचे हे जंगल मला आठवड्यातले सर्वांत अवघड आणि सर्वांत आवडते. उंची-सखलपणा एवढा कमी, की पाच मीटरच्या अंतराने काढलेल्या समोच्च रेषा नकाशावर विरळ पडतात, आणि नकाशा करणाऱ्याला त्यांच्या मध्ये तुटक रेषा घालून जमिनीचे आकार सुचवावे लागतात. एक-दोन मीटर उंचीची उघडी कातळे, त्यांच्या मधल्या खोलगटात पाइनच्या दलदली, जिकडेतिकडे दगड. सोमवारी जे आकार वाचायला शिकलो ते येथे हाती लागत नाहीत, कारण दहा मीटरचा उंचवटा सगळ्या जंगलात शोधावा लागेल. वाटाही फारशा नाहीत. उपलांडचा लांब पल्ल्याचा पायी मार्ग या जंगलातून जातो, त्याच्या कडेला मुक्कामाला लुन्सेनतोर्पेत नावाची जुनी झोपडी आहे, आणि तो मार्ग सोडला की माणूस थेट शेवाळात असतो. दलदलीवर पाऊल टाकले की जमीन हलकेच दबते, आणि उन्हाच्या दिवशी तेथल्या झुडपांचा कापरासारखा उग्र वास डोक्यात भिनतो.

पहिल्या फेरीत आम्हाला जवळजवळ कोरा कागद देण्यात आला. त्यावर उत्तर-रेषा आणि वर्तुळे होती, बाकी काही नाही, फक्त वर्तुळांच्या आत नकाशाचा तुकडा शिल्लक ठेवलेला. म्हणजे टप्पाभर होकायंत्रावर विश्वास ठेवायचा आणि पोहोचल्यावरच वाचायचे. होकायंत्राने सरळ जाणे हे ऐकायला सोपे वाटते, पण दर तीस पावलांवर दगड, पडलेले खोड किंवा पाण्याचे डबके आडवे येत असेल तर सरळ राहणे ही शिस्त होऊन बसते. डावीकडून वळसा घातला तर पुढचा उजवीकडून घालायचा, समोरच्या दूरच्या झाडावर नजर रोखायची, आणि काट्याकडे पाहताना थांबलो तरी चालेल पण अंदाजाने पाऊल टाकायचे नाही. दुसऱ्या फेरीत पूर्ण नकाशा होता आणि कंट्रोल अगदी जवळजवळ. तेव्हा आमच्या बरोबरच्या, सत्तरी ओलांडलेल्या, लुन्सेनमध्ये लहानपणापासून धावत आलेल्या आजोबांनी मला एक सूचना केली: ‘दगड मोजू नकोस, दलदलींचे आकार बघ.’ स्वीडिश माणूस सगळ्यांनाच अरे-तुरे करतो आणि त्यांची सूचना नेहमीच एवढी आखूड असते. ती मी शब्दशः पाळली. काळे ठिपके नजरेआड केल्याबरोबर कागद निवळला. निळ्या रेघांच्या पट्ट्यांमधून एक लांबट, एक द्विदल, एक कोपऱ्यात निमुळती होणारी, अशा दलदलींची साखळी वर आली आणि त्यांच्या टोकांवरून पुढे सरकत राहिल्यास वर्तुळापर्यंत आपोआप पोहोचता येते, हे स्पष्ट झाले. दगड वाचायचे ते शेवटच्या चाळीस मीटरांत.

लुन्सेनमध्ये वेगाचा गर्व उतरतो. किलोमीटरला बारा मिनिटे लागली तरी मी तेथे समाधानी असतो. अंगावर पूर्ण पाय झाकणारा पातळ नायलॉनचा पोशाख, नडगीवर जाड पट्टी, बुटांना धातूचे खिळे आणि गळ्यात शिट्टी, ही तयारी येथे दिखाऊ नाही. २००९ मध्ये हंगेरीत मिश्कोल्त्स येथे झालेल्या जागतिक स्पर्धेच्या रिलेत आघाडीच्या गटातला स्वीडनचा मार्टिन युहान्सन याच्या मांडीत फांदी घुसली होती. फ्रान्सचा तिएरी गॉर्ग्यू, चेक प्रजासत्ताकाचा मिखाल स्मोला आणि नॉर्वेचा आन्देर्स नूरबेर्ग पदकाची शर्यत सोडून त्याच्या मदतीला थांबले. सोने स्वित्झर्लंडला गेले. जखमी स्पर्धकाला मदत करणे हे नियमातच लिहिलेले आहे, पण जगज्जेतेपदाच्या शेवटच्या टप्प्यात तो नियम कोणी किती सहज पाळला हे पाहण्याची संधी क्वचित मिळते.

रविवारची स्पर्धा शहराच्या पूर्वेला, फ्येलनूराच्या बाजूच्या तळ्यांच्या जंगलात, लांब अंतराची होती. तेथे चारही प्रकार थोडेथोडे मिसळलेले आहेत: धावण्याजोगे पाइनचे टेकाड, तळ्याकाठची दलदल, जंगलखात्याने तोडून पुन्हा लावलेले दाट पट्टे आणि दगडांनी भरलेले उतार. त्यामुळे खरी कसोटी होती ती एका पद्धतीतून दुसरीत वेळेवर जाण्याची. सुरुवातीचे छोटे टप्पे दगडांत होते, तेथे मी शनिवारच्या चालीने गेलो. मग आडवा सव्वा किलोमीटरहून लांब टप्पा आला आणि पाठोपाठ सुटलेल्या स्पर्धकांच्या वाटा तेथे तीन दिशांना फुटल्या. काही जण तळ्याच्या उजव्या काठाने गेले, काहींनी नाकासमोरची रेषा धरली, मी डावीकडचा जंगलरस्ता पकडला. रस्ता संपतो तेथून कंट्रोलपर्यंत एक बोथट सोंड उतरत येत होती, तिच्या माथ्यावरून आकार वाचत जाणे सोपे होते, आणि दगडी उताराला केवळ शेवटी स्पर्श करावा लागला.

स्पर्धेनंतर लाइव्हलॉक्स या संकेतस्थळावर सगळ्यांचे मार्ग एकाच नकाशावर रंगीत रेघांनी हलताना पाहता येतात, आणि मला हा भाग धावण्याइतकाच रंजक वाटतो. माझ्या वयोगटात त्या टप्प्यावर सर्वांत कमी वेळ सरळ जाणाऱ्या एकाने घेतला होता. पण सरळ गेलेल्या बाकीच्यांचे आकडे पार विखुरलेले होते, कारण मधल्या हिरव्या पट्ट्यात त्यांपैकी बरेच जण भोवऱ्यासारखे फिरले. डावीकडून गेलेल्यांच्या वेळा मात्र एकमेकांच्या मिनिटभराच्या आत होत्या. तळ्याचा काठ सगळ्यांत महाग पडला, कारण नकाशावरच्या निळ्या आडव्या रेघा पावसाळी सप्टेंबरनंतर घोट्याच्या वर पाणी दाखवत होत्या, आणि ते गणित निवडीच्या वेळी कोणी केले नव्हते. पहिल्या क्रमांकाच्या माणसाची रेघ पाहण्यासारखी आहे. तो कोठेही फार वेगाने गेलेला नाही, पण प्रत्येक कंट्रोलच्या अलीकडे त्याचा वेग ठळकपणे उतरतो आणि कंट्रोलवर तो थांबतच नाही, म्हणजे बाहेर कोणत्या दिशेने पडायचे हे त्याने आधीच पाहिलेले असते. मी माझ्या रेघेत अशी जागा शोधतो तेव्हा प्रत्येक कंट्रोलवर काही सेकंद उभा असलेला दिसतो. पुढच्या वसंतातल्या सरावासाठी एवढे काम पुरे आहे.

स्वीडनमध्ये राहणाऱ्या ज्या मराठी मंडळींना हे करून पाहावेसे वाटेल त्यांच्यासाठी: बहुतेक स्पर्धांत खुले गट असतात, तेथे आधी नाव न देता जाऊन नकाशा विकत घेता येतो. अवघडपणा रंगांनी सांगितलेला असतो, हिरवा सर्वांत सोपा आणि काळा सर्वांत कठीण, आणि अगदी लहान मुलांच्या मार्गावर झाडांना पट्ट्या बांधून वाट दाखवलेली असते. जुलैमध्ये ओ-रिंगेन हा पाच दिवसांचा महोत्सव दरवर्षी नव्या ठिकाणी भरतो. तो १९६५ पासून चालत आला आहे आणि १९८५ मध्ये फालूनला सुमारे पंचवीस हजार लोक त्यात धावले होते. उपलांडात गोचिडांतून मेंदूज्वर पसरतो, त्यावरची लस टप्प्याटप्प्याने घ्यावी लागते, म्हणून ती हिवाळ्यातच सुरू करावी. आणि जंगलातून घरी आल्यावर गुडघ्यांच्या मागे, कमरेच्या पट्ट्याखाली आणि कानांमागे नीट तपासून मगच आंघोळीला जावे.